शौचालय ते पाणी ९२ पावलं

तळ्याकाठी तंबूत राहायला जायचं म्हटलं की बाकीचे आधी फोटो मागवतात. मी फोन करून विचारलं, "संडास पाण्यापासून किती लांब आहेत? आणि खड्डा कसला आहे?" दोन ठिकाणी समोरचा माणूस गप्प झाला. तिसऱ्यानं "सगळं क्लीन आहे सर" म्हणून विषय बदलला. चौथ्या ठिकाणी एका बाईनं फोन उचलला. म्हणाली, "काका, सहा संडास आहेत, वरच्या अंगाला, आंब्याच्या पलीकडं. शोषखड्डा आहे. तुम्ही या न् बघा." तिथेच आमचं ठरलं, भंडारदऱ्याच्या तळ्याकाठी.

मी मुंबई महापालिकेच्या पाणी खात्यात ३४ वर्षं काढली. व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे आणि रात्री रस्ता शांत झाला की लोखंडी दांडी जमिनीला लावून, तिच्या दुसऱ्या टोकाला कान देऊन गळती शोधायची. पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि वाटेत त्यात काय मिसळतं, हे बघायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्यामुळे या अभिप्रायात सूर्यास्ताचं वर्णन कमी आणि टाकी, खड्डे, दोऱ्या, बकल यांचं जास्त येईल. गटानं जायचा विचार करणाऱ्यांना त्याचाच उपयोग होईल असं मला वाटतं.

भंडारदराच का, ते आधी सांगतो. आमच्या भांडुपच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात, वय ७४. त्यांचं माहेर श्रीरामपूरकडचं, घरचा ऊस होता. "भंडारदऱ्याचं पाणी सुटलं" हे वाक्य त्यांनी लहानपणी शेकडो वेळा ऐकलेलं. पाणी सुटलं की वडील रात्री कंदील आणि फावडं घेऊन पाटावर जायचे. पण ते पाणी सुटतं कुठून, ते आजींनी कधी पाहिलं नव्हतं. गणपतीत एकदा त्या हे बोलल्या आणि बोलता बोलता सहा घरं तयार झाली. माझे खात्यातले दोन जुने सोबतीही आले. एकूण २३ माणसं, सगळ्यात लहान मुलगी पाच वर्षांची.

डिसेंबरातला दुसरा शनिवार धरला. ठाण्याला गाडी बदलून कसारा लोकल पकडली. आसनगाव गेल्यावर नातीला खिडकीशी बसवून दाखवलं, डाव्या हाताला डोंगरांमागे तानसा, उजव्या हाताला भातसा. दोन्ही रुळांवरून दिसत नाहीत, पण आपल्या नळाला येणारं पाणी याच मुलखातून निघतं हे पोरांना कळावं, म्हणून सांगितलं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतोय. तिनं विचारलं, मग आज आपण जातोय तेही मुंबईचं पाणी का? नाही. भंडारदऱ्याचं पाणी घाटाच्या पलीकडे, प्रवरेतून गोदावरीला जातं. कसाऱ्याचा घाट चढलं की पाण्याची दिशाच बदलते. हे तिनं परतीपर्यंत लक्षात ठेवलं होतं.

कसाऱ्याला पहिली अडचण आली. तंबूंचा तळ चालवणाऱ्यांनी सुचवलेल्या गाडीवाल्याशी तीन गाड्यांचं बोलणं झालं होतं, उभ्या होत्या दोनच. "बसतात काका, बारा बारा बसतात." बसत असतील, पण घाटात, लहान मुलं आणि आजी सोबत असताना, मी बसवणार नाही असं स्पष्ट सांगितलं. तिसरी गाडी इगतपुरीहून यायला सव्वा तास गेला. स्टेशनबाहेर वडापाव खात थांबलो. तुमचा गट मोठा असेल तर आदल्या दिवशी गाड्यांचे नंबर मागवून घ्या आणि माणशी जागा मोजून घ्या. स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना आता इगतपुरीपर्यंत समृद्धी महामार्ग आहे, पण घोटीपासून पुढचा रस्ता जुनाच, वळणाचा आणि काही ठिकाणी खड्ड्यांचा.

घोटी सोडल्यावर बारी गावापाशी कळसूबाई समोर येते. १,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. आमचा चढायचा बेत नव्हता, गाड्या थांबवून सगळ्यांनी हात जोडले आणि पुढे निघालो. शेंडी हे धरणाच्या पायथ्याचं गाव. तिथे वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीमागे प्रवेशशुल्क भरावं लागतं, कारण हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पावती सांभाळून ठेवा, पुढे पुन्हा विचारतात.

धरणाबद्दल मला दोन शब्द जास्त लिहिल्याशिवाय राहवणार नाही. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून विल्सन डॅम. सबंध दगडी बांधकाम, उंची सुमारे ८२ मीटर. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले, तेव्हा खालच्या अंगानं आधार बांधून ती बळकट केली. खाली बागेच्या बाजूनं उभं राहून वर बघितलं की ते आधार ओळखू येतात. माझ्या दोन्ही सोबत्यांनी आणि मी तिथे अर्धा तास घालवला. बाकीच्यांचे चहा झाले, आम्ही दगडांचे सांधे बघत होतो. शंभर वर्षांपूर्वी या जंगलात, या पावसात, एवढं काम माणसांनी हातानं उभं केलं. त्या मजुरांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

धरणात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं. मुंबईच्या हिशोबानं ते सुमारे ३ लाख १२ हजार दशलक्ष लिटर होतं. मुंबईला दिवसाला चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे काठोकाठ भरलेलं भंडारदरा आपल्या शहराला अडीच महिने जेमतेम पुरेल. हा आकडा मी रात्री शेकोटीपाशी सांगितला तेव्हा दोन-तीन जण खरोखर गप्प झाले.

आम्ही गेलो त्या दिवशी भिंतीवर कोणाला सोडत नव्हते. पावसाळ्यात छत्रीसारखं पडणारं पाणी, ज्याला अंब्रेला फॉल म्हणतात, ते डिसेंबरात नसतं. त्याच्यासाठी कोणी जाणार असाल तर बेत बदला. पण रब्बीचं आवर्तन चालू होतं, खाली नदीत पाणी सोडलेलं होतं. आजी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. विचारलं, "हे पाणी आमच्याकडं किती दिवसांत पोचत असेल हो?" मी म्हटलं, वाटेत निळवंड्याचं धरण आहे, मग ओझरचा बंधारा, तिथून कालवे फुटतात, तेव्हा सोडणाऱ्याच्या हातात आहे. त्या म्हणाल्या, "आमच्या वडलांना वाटायचं, रात्री सुटलं की सकाळी येतं." प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला आणि त्या उसावर १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आजींचं लग्न त्या उसाच्या पैशातून झालं, हे त्यांनी तिथेच सांगितलं. आमच्या सहलीतली ही पाच मिनिटं कुठल्याही पॅकेजमध्ये बसणारी नाहीत.

आता तळाबद्दल. तळ्याच्या उत्तरेच्या बाजूला, मुरशेतच्या वाटेवर एका गावकरी कुटुंबाचा आहे. नाव लिहीत नाही. आम्ही निघताना तळ चालवणाऱ्या ताईंनीच विनंती केली की काका, नाव टाकू नका, आम्हाला बारा तंबूच झेपतात, शनिवारी फोन थांबत नाही. त्यांचा शब्द मी पाळणार. पण तळ कसा निवडायचा हे सांगायला नावाची गरज नाही.

पोचल्यावर मी सामान ठेवलं आणि संडासापासून पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेलो. ९२ पावलं. उताराचा रस्ता, मध्ये दगडांची ताल घातलेली. शोषखड्डा पलीकडच्या उताराला, ज्याचं पाणी तळ्याकडे येत नाही. तळ सांभाळणाऱ्या दादांनी झाकण उघडून दाखवलं, न सांगता. स्वयंपाकाचं खरकटं पाणी वेगळ्या चरातून केळींना जातं. भांडी राखेनं घासतात आणि तळ्यात कोणीही भांडं बुडवत नाही, असा नियम आहे. नियमाची पाटी नाही, पण आमच्यातला एक मुलगा साबण घेऊन काठावर गेला तेव्हा ताईंच्या सासूबाईंनी त्याला हाक मारून बादली दिली. तेवढं पुरलं. शेजारच्या एका तळावर मी उलट पाहिलं. संडासाचा पाइप मातीतून सरळ काठाकडे गेलेला, तोंडाशी शेवाळ काळं पडलेलं. त्याच काठावर पोरं पोहत होती. हे बघून मला रात्री बराच वेळ झोप आली नाही.

कारण सोपं आहे. हे पिण्याचं पाणी आहे. खाली अकोले, संगमनेरपासून पुढे कितीतरी गावं या नदीवर जगतात. आणि काठावरच्या वाड्या? ताई भाकरी थापता थापता सांगत होत्या की वैशाखात पाणी खाली खाली सरकतं, हंडा घेऊन त्याच्यामागं उतरावं लागतं, चिखल तुडवून. पाणी समोर दिसतं, पण ते आवर्तनाचं, खालच्यांचं. धरणात त्यांच्या आजेसासऱ्यांची भातखाचरं गेली. पुढे या कुटुंबाला तळ्याचा उपयोग झाला तो तंबू लागल्यावर, सात-आठ वर्षांपूर्वी. मोठा मुलगा नाशिकला हॉटेलात कामाला होता तो परत आला. म्हणून मला वाटतं, इथे राहायला जाणाऱ्यानं गावातल्या माणसाच्या तळावर राहावं आणि त्यानं खड्डा नीट बांधलाय का ते विचारावं. दहा जणांनी विचारलं की अकरावा तळवाला आपणहून बांधेल.

तंबू दोन आणि चार माणसांचे, घुमटासारखे, वर ताडपत्रीचं छप्पर. खाली फोमची गादी, त्यावर सतरंजी, माणशी एक रग. सतरंज्या धुतलेल्या होत्या, वास आला नाही. पण रग एकच दिला तर पुरत नाही. पहाटे नातीच्या मोबाइलवर ११ अंश दिसत होते आणि तळ्याकाठी ओल असल्यानं ते त्याहून गार लागतं. आम्ही जादा मागितले, मिळाले, पण वयस्कर माणसं असतील तर घरून एक चादर आणि कानटोपी घ्याच. आणखी एक, थंडी वाजते म्हणून तंबूची सगळी तोंडं घट्ट बंद करू नका. श्वासातली वाफ गार कापडाला लागून पाणी होतं आणि पहाटे अंगावर ठिबकतं. वरची जाळीची खिडकी चार बोटं उघडी ठेवलेले आमचे तंबू कोरडे राहिले. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या रगांना सकाळी पिळावं लागलं. आजींसाठी ताईंनी स्वतःच्या घरातली खाट दिली, वेगळे पैसे घेतले नाहीत.

जेवणाबद्दल भरभरून लिहायला हवं. संध्याकाळी चहा आणि कांदाभजी, तीही गरम, एकदम २३ जणांना. रात्री चुलीवरच्या नागलीच्या भाकरी, गावरान कोंबडीचा रस्सा, तळ्यातले चिलापी मासे तळून, इंद्रायणीचा भात आणि खुरासणीची चटणी. खुरासणी म्हणजे कारळे, हे आमच्यातल्या कोकणातल्या वहिनींना तिथे कळलं आणि त्यांनी निघताना अर्धा किलो विकत घेतली. मार्गशीर्ष असल्यानं आमच्यातल्या नऊ जणांचं मांसाहार बंद होतं. मी फोनवर एकदाच सांगितलं होतं. त्यांच्यासाठी वेगळी चूल, वेगळी पळी, पिठलं, हुलग्याची शेंगोळी आणि वांग्याचं भरीत. शेंगोळ्यांना लसणीचा आणि मिरचीचा असा काही वास सुटला होता की कोंबडी खाणारेही वाट्या घेऊन तिकडे सरकले. भाकरी संपेपर्यंत ताई उठल्या नाहीत. सकाळचे पोहे मात्र साधे होते, शेंगदाणे कमी, लिंबू नाही. इतकं चांगलं रात्री खाल्ल्यावर तक्रार वाटते, पण लिहिलं पाहिजे.

ताटं स्टीलची. थर्माकोल नाही, प्लास्टिकचे ग्लास नाहीत. पिण्याचं पाणी त्यांच्या वरच्या झऱ्याचं, उकळून, गाळून, पितळी हंड्यात भरलेलं. आम्ही बाटल्यांचा खोका नेला होता, तो न उघडता परत आणला.

दारूबद्दल. तळावर चालत नाही, आणि हे ते फोनवरच सांगतात. कुटुंबं घेऊन जाणाऱ्यांना मोठा आधार आहे. शेकोटी असते, पण लाकूड मोजून देतात, एक भारा. जंगल अभयारण्याचं आहे, तेव्हा दुसरा भारा मागू नका.

रात्री नऊनंतर जे दिसलं ते भांडुपला दिसत नाही. कृत्तिकांचा पुंजका, खाली तांबूस रोहिणी, आणि मग मृग, तिन्ही चांदण्या सरळ रेषेत. नातीनं कृत्तिका सहा मोजल्या, तिच्या मैत्रिणीनं आठ, दोघींचं भांडण झालं. माझ्या सोबत्यानं त्यांना शांत केलं, ज्याची नजर जितकी चांगली तितक्या दिसतात म्हणून. शेकोटीशी दादांनी राघोजी भांगऱ्यांची गोष्ट सांगितली. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी, इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठलेले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. आम्ही सकाळी ज्या ठाण्याला गाडी बदलली, त्याच ठाण्याला. आम्ही सकाळी ज्या ठाण्याला गाडी बदलली, त्याच ठाण्याला. दादा हे सांगताना आवाज खाली करून बोलत होते, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

आणि मग साडेदहाला पलीकडच्या काठावरून स्पीकर सुरू झाला.

पाण्यावरून आवाज किती लांब जातो याची लोकांना कल्पना नसते. रात्री तळ्यालगतची हवा गार होते, वरची त्याहून ऊबदार राहते, त्यामुळे आवाज वर निघून जात नाही, वाकून पुन्हा खाली पाण्यावर येतो. दीड-दोन किलोमीटरवरचं गाणं आमच्या तंबूत शब्दासकट ऐकू येत होतं. लहान मुलगी उठून रडायला लागली. झाडावर घुबड बोलत होतं ते बंद झालं. दादांनी फोन केला, मग मोटारसायकल काढून वळसा घालून गेले, साडेअकराला बंद झाला. त्यांनी स्वतःहून केलं, आम्ही सांगितलेलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. अभयारण्यात रात्री कर्णा लावणाऱ्यांनी थोडा विचार करावा, आणि तसा तळ निवडणाऱ्या गटांनीही करावा. मुंबईत आपण वर्षभर आवाजातच राहतो. एक रात्र घाट चढून शांततेसाठी यायचं आणि आवाज सोबत आणायचा, यात आपलंच नुकसान आहे.

स्पीकर बंद झाल्यावर मला दुसरा आवाज ऐकू आला. टप, टप, टप, मग थोडी धार, मग पुन्हा टप. संडासाच्या वरची टाकी वाहत होती. हजार लिटरची काळी टाकी, ती भरून वाहायला लागली की रात्रभर वाहणार, आणि तिच्यात पाणी चढवायला मोटर लागते, मोटरला वीज. टॉर्च घेऊन वर गेलो. बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या नळाचा, वायसर झिजलेला, पितळेच्या जागी प्लास्टिकचा, दांडी वाकलेली. सोबत्याला उठवलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दादांकडे मिळाला, तो गोल कापून बसवला, दांडी सरळ केली. पाऊण तास गेला. पाणी थांबलं तेव्हा कुठूनतरी कोल्हे ओरडत होते आणि तळ्यावर धुकं चढायला लागलं होतं. पुष्कळ रात्री मी रस्त्यावर अशी कामं केली आहेत. इतक्या सुंदर जागी पहिल्यांदाच.

सकाळी होडीचा कार्यक्रम होता, आणि इथे माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. लाइफ जॅकेट चौदा होती. त्यातल्या दोनांची बकलं तुटलेली, एकाचा पट्टा दोरीनं बांधलेला. मुलांच्या मापाचं एकही नव्हतं. दादा म्हणाले, काठाकाठानंच नेतो, काही होत नाही. मी त्यांना समोर बसवून सांगितलं की हे नैसर्गिक तळं नाही, धरण आहे. काठ दिसतो सपाट आणि दोन पावलांवर जुन्या खाचराचा बांध तुटून खोल होतो, तळाशी गाळ असतो, पाय रुततो. पाणी गार असतं, पोहता येणाऱ्याच्याही पायात गोळा येतो. मापाचं जॅकेट नसेल तर मूल होडीत बसणार नाही. आमची पाचही मुलं काठावर राहिली, रुसली. मोठ्यांनी दोन फेऱ्यांत, चांगली अकरा जॅकेटं वापरून, होडी केली. दादांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. पण तक्रार तक्रार आहे. पैसे घेऊन पाण्यावर नेणाऱ्याकडे प्रत्येक मापाचं धड जॅकेट असलंच पाहिजे. तुम्ही जाल तिथे होडीत बसण्याआधी बकल लावून, वर ओढून बघा.

दहाला तंबू सोडले आणि उडदावणे, घाटघर, साम्रदवरून तळ्याला वळसा घालून रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गेलो. शिलाहारांच्या काळातलं मानतात, काळ्या दगडाचं, कोरीवकाम इतकं बारीक की शिखराकडे बघता बघता मान दुखते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड बुडते, असं पुजाऱ्यांनी सांगितलं. आम्ही गेलो तेव्हा कोरडी होती. बाजूच्या पुष्करणीत उतरायला पायऱ्या आणि भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. प्रवरा याच रतनगडाच्या कुशीतून निघते. आजी पुष्करणीच्या पहिल्या पायरीवर बसून राहिल्या. काल पाणी सुटताना बघितलं होतं, आज निघताना बघितलं. घाटघरचा कोकणकडा आणि साम्रदची सांदण दरी वेळेअभावी राहिली. त्या दोन्हींना स्वतंत्र दिवस ठेवा, लहान मुलं घेऊन घाईत सांदणीत उतरू नका.

खर्च. मोठ्यांना १,३०० रुपये, दहा वर्षांखालच्यांना ७००. त्यात संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण, तंबू, सकाळचा चहा-पोहे. मासे आणि होडी यांचे वेगळे. तीन गाड्यांचे जाऊन-येऊन १५,००० झाले, ते तळावाल्यांचे नाहीत. रोख पैसे घेऊन जा. मोबाइलची रेंज काठावर एका ठराविक दगडापाशी येते, तिथे उभं राहून मी तीन वेळा प्रयत्न केला तेव्हा एक पेमेंट गेलं. अंघोळीला गरम पाणी चुलीवरच्या पातेल्यातून बादलीनं मिळतं, साडेसहा ते आठ, त्यानंतर विझवतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी कमोड दोन आहेत, पण तिथे जायच्या वाटेवर धरायला कठडा नाही. तो करा असं सांगून आलो.

काजव्यांसाठी लोक मेअखेरी आणि जूनच्या सुरुवातीला तिथे गर्दी करतात. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, काका, तेव्हा नका येऊ, गाड्यांच्या दिव्यांपुढं काजवं कुठं दिसायचं. आम्ही पुढची खेप भाद्रपदात, भात पोटरीत असताना काढायचं ठरवतोय. आजींनी नाव नोंदवलं आहे.

घरी आल्यावर लालबागच्या दुकानातून पाऊण इंची पितळी बॉलकॉक घेतला, सोबत चार वायसर, आणि शेंडीच्या पत्त्यावर पाठवून दिला. दहा दिवसांनी दादांचा फोन आला. बॉलकॉक बसवला. जॅकेटं नाशिकहून दहा आणली, त्यात चार मुलांच्या मापाची. कठडा अजून राहिलाय, भात झोडून झालं की घालतो म्हणाले. मागे ताईंचा आवाज आला, "काकांना सांगा, टाकी आता वाहत नाही."